हिरवं दिसतं म्हणून वाचवू नका

शिकागोच्या उपनगरांत घरं घेतलेल्या समस्त मराठी मंडळींना,



पत्रास कारण की, परवा आपल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरला. बर्फावर रचलेला फांद्यांचा भलामोठा ढीग, तो पेटलेला, आणि भोवती हेल्मेट घातलेली चार-सहा माणसं. खाली मजकूर : ‘हे यांचं पर्यावरणप्रेम! भर जंगलात झाडं तोडून जाळतायत.’ त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी काउंटीला ईमेल पाठवा म्हणून सुचवलं, एकांनी तर मसुदाही तयार करून टाकला. त्या फोटोत पाठमोरी उभी असलेली बाई मी आहे. उरलेल्यांत एक निवृत्त शाळामास्तर होते, एक नर्स होती, एक प्लंबर होता. पगारी कुणीच नव्हतं. मसुद्यात आमचा उल्लेख ‘ठेकेदाराची माणसं’ असा होता, तेवढा वगळावा ही विनंती.

ढिगात जळत होतं ते बकथॉर्न. एकोणिसाव्या शतकात युरोपातून कुंपणासाठी आणलेलं हे झाड. लायलचं मॉर्टन आर्बोरिटम तुम्हाला ठाऊकच आहे, ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला आपण सगळे तिथेच जातो. त्यांनी 2020 साली शिकागोभोवतीच्या सात काउंट्यांतल्या झाडांची गणना केली, तेव्हा एकट्या या जातीचा वाटा 36 टक्के निघाला. दहा वर्षांपूर्वीच्या गणनेत तो 28 टक्क्यांच्या घरात होता. म्हणजे ज्याच्या तोडीवर तुम्ही हळहळलात, ते या भागातलं सगळ्यात जास्त संख्येने असलेलं झाड आहे आणि ते वाढतंच आहे.

त्याची चाल समजून घेण्यासारखी आहे. इथली झाडं एप्रिलअखेर, मे महिन्यात पानावर येतात. त्याआधी दोन-चार आठवडे जमिनीवर थेट ऊन पडतं आणि तेवढ्या मुदतीत ट्रिलियम, ब्लडरूट, स्प्रिंग ब्यूटी अशी रानफुलं उगवून, फुलून, बी धरून मोकळी होतात. बकथॉर्न ही मुदतच खाऊन टाकतं. ते सगळ्यांच्या आधी पानावर येतं आणि सगळ्यांच्या शेवटी पानं टाकतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी चालवताना रस्त्याकडेच्या रानात जे हिरवंगार दिसतं आणि ‘अजून किती छान हिरवं आहे’ असं आपण म्हणतो, ते बहुतेक तेच असतं. त्याची पानं नत्राने भरलेली असल्याने झपाट्याने कुजतात. मग ओकच्या चिवट पानांचा जो थर वर्षभर जमिनीवर राहायला हवा तो राहत नाही आणि माती उघडी पडते. या कामात त्याला गांडुळांची साथ मिळते. गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र हे आपण शाळेत घोकलं, पण हिमयुगात हा सगळा मुलूख बर्फाखाली गेल्याने इथली मूळ गांडुळं उरलीच नाहीत. आज आहेत ती बहुतेक युरोपातून आलेली, आणि जंगलाच्या जमिनीला ती मुळीच मानवत नाहीत.

या सगळ्याचा मार खातो तो ओक. बर ओक आणि व्हाइट ओक हे इथले खरे मानकरी; व्हाइट ओक तर इलिनॉयचा राज्यवृक्ष आहे. जुन्या ओकच्या खालच्या फांद्या बघा. दोन्ही हात पसरल्यासारख्या जमिनीला समांतर गेलेल्या असतात. दाट रानात वाढलेल्या झाडाला अशा फांद्या फुटत नाहीत. म्हणजे हे झाड लहान होतं तेव्हा भोवती मोकळं गवत होतं आणि चहूबाजूंनी ऊन येत होतं. पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवासी हे रान ठरावीक काळाने पेटवत असत. ओकची जाड साल त्या आगीत टिकायची आणि झुडपं मागे हटायची. 1833 च्या शिकागो करारानंतर त्या लोकांना मिसिसिपीपार घालवण्यात आलं आणि हळूहळू आगही बंद पडली. आता त्याच दोनशे वर्षांच्या ओकच्या खालच्या फांद्या बकथॉर्नच्या सावलीत वाळून गळतायत. त्याच्या बुंध्याशी पडलेली ओकफळं रुजतात, बोटभर वाढतात आणि उन्हावाचून मरतात. कित्येक रानांत म्हातारे ओक दिमाखात उभे आहेत आणि त्यांच्याखाली एकही तरुण ओक नाही. हरणं रोपं खातात हेही एक कारण आहे, ते नाकारत नाही. पण सावली हटल्याशिवाय खायलासुद्धा रोप उगवत नाही.

तेव्हा ‘हवामान बदलाच्या काळात झाडं तोडता?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं, की पुढचं एकही झाड वाढू न देणारं झुडूप आम्ही तोडतो.

आता थोडा इतिहास, कारण तुमचा मसुदा वाचून मला 1996 आठवलं. मूळ रान परत उभं करण्याचं हे काम इथे 1977 साली सुरू झालं. स्टीव्ह पॅकर्ड नावाचा एक कार्यकर्ता आणि त्याच्यासोबतचे काही स्वयंसेवक शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रँचकाठच्या जागांवर जमले. रेल्वे रुळांच्या कडेला, जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत कुठे मूळ गवतं आणि फुलं तग धरून होती, तिथून ते हाताने बी गोळा करत आणि झुडपं काढून मोकळ्या केलेल्या जमिनीवर फेकत. ओकखालच्या विरळ सावलीत नेमकं काय उगवायचं हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. पॅकर्डने निरीक्षणावरून यादी बनवली होती. नंतर त्याच्या हाती 1846 ची एक यादी लागली. इलिनॉयमधल्या एका खेड्यातल्या मीड नावाच्या डॉक्टरने आपल्या भागातल्या वनस्पती जागेच्या वर्णनासकट नोंदवून ठेवल्या होत्या, आणि पॅकर्डच्या यादीतल्या कितीतरी जाती तिथे हजर होत्या. रुग्ण तपासायला हिंडणाऱ्या एका डॉक्टरच्या टिपणांमुळे जवळपास दीडशे वर्षांनी रानाचा ताळा जुळला, ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते. नॉर्थब्रुकजवळच्या सॉम प्रेअरी ग्रोव्हमध्ये जाऊन बघा. तिथला जो भाग एके काळी बकथॉर्नने गच्च भरलेला होता, तिथे आज ओकखाली गुडघाभर फुलं असतात.

आणि मग 1996. वायव्य शिकागोतल्या काही वस्त्यांतल्या रहिवाशांना आपल्या घरामागची झाडं पडताना दिसली. कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. वर्तमानपत्रांत टीकेचे स्तंभ आले आणि त्या सप्टेंबरात काउंटी बोर्डाचे अध्यक्ष जॉन स्ट्रोजर यांनी कूक काउंटीतलं हे काम एका आदेशाने थांबवलं. पुढे बंदी टप्प्याटप्प्याने उठली, पण काही जागांवर ती वर्षानुवर्षं राहिली आणि तेवढ्या अवधीत बकथॉर्नने मोकळी झालेली जमीन परत बळकावली. रहिवाशांचा सगळाच राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ‘आम्हाला विचारलं का?’ हा प्रश्न रास्त होता, आणि आमच्या गोटातले काहीजण तेव्हा फार शहाणपणाच्या सुरात बोलत, हेही तितकंच खरं. म्हणूनच ईमेल पाठवण्याआधी तुम्ही आम्हाला विचारावं अशी अपेक्षा आहे. पायवाटेच्या तोंडाशी पाटी असते, तीवर काय चाललंय ते लिहिलेलं असतं. फोटो काढणाऱ्याने ती वाचली असती तर फोटो काढायचं कारण उरलं नसतं.

आम्ही तणनाशक वापरतो, त्या विषाबद्दलची तुमची शंका मात्र मी गंभीरपणे घेते. बकथॉर्न नुसतं कापलं तर महिन्याभरात त्याच बुंध्यातून दहा धुमारे येतात. म्हणून कापल्याबरोबर खुंटाच्या कडेला तणनाशक लावावं लागतं. ते फवारत नाहीत. स्पंज लावलेल्या बाटलीने खुंटाला पुसतात आणि त्यात निळा रंग मिसळलेला असतो, म्हणजे कुठला खुंट झाला आणि कुठला राहिला ते कळतं. कापलेल्या खोडाची आतली साल पिवळी आणि गाभा केशरी असतो. त्यावर तो निळा रंग चढला की लांबूनही चुकत नाही. हे काम ज्याच्या हाती दिलं जातं त्याने राज्याची परीक्षा देऊन परवाना घेतलेला असतो, मला हौस आहे म्हणून बाटली मिळत नाही. काम जास्त करून हिवाळ्यात चालतं, जमीन गोठलेली असते, बाकीच्या वनस्पती झोपलेल्या असतात. आता तुमच्या लॉनवर दर वसंतात कंपनीचा माणूस येऊन जे फवारून जातो आणि ‘पाळीव प्राणी दूर ठेवा’ अशी छोटी झेंडी खोचून जातो, त्याबद्दल ग्रुपवर कधी मसुदा आला नाही, एवढंच म्हणते.

लॉनचा विषय निघालाच आहे तर माझी मुख्य तक्रार तिथलीच आहे. जंगलात आम्ही जे उपटतो त्याचं बी तुमच्या घरून येतं. बकथॉर्नची काळी फळं पक्षी खातात. त्या फळांत जुलाब करणारं द्रव्य असतं, त्यामुळे बी फार काळ पोटात राहत नाही, पुढच्या कुंपणावर, पुढच्या ओकखाली पडतं. तुमच्या मागच्या अंगणात, कुंपणाला लागून, ‘शेजाऱ्यांपासून आडोसा म्हणून बरं आहे’ असं म्हणत ठेवलेली जी दाट झुडपांची रांग आहे ना, ती एकदा जाऊन बघा. फांदीच्या टोकाला बारीक काटा दिसला तर ती तीच.

तसंच ते बर्निंग बुश. कॉलनीच्या नावाच्या पाटीभोवती, दारासमोर, ऑक्टोबरात लालभडक होणारं. आपल्या दिवाळीच्या फोटोंत ते हमखास मागे असतं. मॅसॅच्युसेट्सने त्याची विक्री कधीच बंद केली आहे, ते रानात शिरतं म्हणून. आणि एप्रिलमधला पांढरा बहर, ज्याला तुम्ही ‘आमच्या गल्लीतले चेरी ब्लॉसम’ म्हणून भारतात पाठवता, तो बहुतेक वेळा कॅलरी पेअर असतो. जवळ जाऊन वास घ्या, खात्री पटेल. सडक्या मासळीचा येतो. 1960 च्या दशकात खुद्द अमेरिकेच्या कृषी खात्याने ब्रॅडफर्ड नावाने हे झाड बाजारात आणलं. एकटं ब्रॅडफर्ड फळं धरत नाही म्हणून ते निर्धोक मानलं गेलं. मग त्याचे इतर वाण आले, त्यांचा एकमेकांशी संकर झाला आणि फळं धरू लागली. आता महामार्गांच्या कडेची मोकळी रानं त्याने भरतायत. ओहायोने 2023 पासून, पाठोपाठ पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायनाने 2024 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. ‘आम्ही कुठे लावलं, बिल्डरनेच लावलं’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलं आहे. बिल्डरने लावलेला गालिचा तुम्ही पहिल्या वर्षी बदललात, स्वयंपाकघराचा ओटा बदललात. झाड बदलता येतं.

‘पण एचओए (घरमालकांची संघटना) परवानगी देत नाही.’ अहो, एचओएच्या बोर्डावर आपलेच लोक बसलेले मला दिसतात! आणि इलिनॉयमध्ये 2024 साली कायदा झालाय. घरमालकाने देशी झाडंझुडपं नीट राखून लावली तर एचओएला सरसकट मनाई करता येत नाही. मिल्कवीड हे इलिनॉयचं अधिकृत रानफूल आहे, मोनार्क फुलपाखराच्या अळ्या त्याच्याशिवाय दुसरं काही खात नाहीत. ते ‘तण’ म्हणून काढायला लावणाऱ्या नोटिशीखाली मराठी आडनावाची सही बघून मला काय वाटलं असेल ते जाऊ द्या.

महाराष्ट्र मंडळांना एक वेगळी विनंती. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला तुम्ही मला बोलावता, तुकोबांचा अभंग होतो, खड्ड्याशी रांगेने फोटो होतात, मग बटाटेवडे. मला वडे आवडतात. पण या मुलखात सध्या लावण्यापेक्षा काढण्याचं काम जास्त आहे, आणि काढण्याच्या कामाला कुणी येत नाही कारण त्यात हातात रोप नसतं. एप्रिल-मे महिन्यात गार्लिक मस्टर्ड उपटायला या. पानं चुरगाळली की लसणासारखा वास येतो, ओळखायला अगदी सोपं. 1868 मध्ये लाँग आयलंडवर पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता जवळजवळ सगळ्या पूर्व अमेरिकेत पसरलं आहे. ओकच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशीला ते मारक ठरतं. बी धरण्याआधी मुळासकट उपटून पिशवीत भरायचं, बस्स. याला ना करवत लागते ना परवाना. उन्हाळ्यात तुमच्याकडे येणाऱ्या आई-बाबांना सोबत आणा, हे मी अगदी मनापासून सांगते. घाणेरी आणि रानमोडी म्हणजे काय हे त्यांना समजावून द्यावं लागत नाही, पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने लावलेल्या ग्लिरिसिडियाचं काय झालं तेही त्यांनी पाहिलेलं असतं. ते आले की उकिडवे बसतात, बोटं मातीत घालतात आणि मूळ न तुटता तण काढतात. तुम्ही शेंडा धरून ओढता.

मुलांचं काय? ती येतात, छान काम करतात, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते गाडीत हीटर लावून बसलेल्या त्यांच्या पालकांबद्दल, जे बारा वाजता काच खाली करून ‘स्वयंसेवेचे तास तीनऐवजी चार लिहाल का?’ असं विचारतात. नाही लिहिणार. कॉलेजचा अर्ज भरून झाला की ती मुलं पुन्हा दिसत नाहीत, हेही सांगून ठेवते. तुम्ही गाडीतून उतरलात तर बहुधा दिसतील.

एक आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो घेणारे हुशार असतात. ‘आपण स्वतः परदेशातून आलेलो, आणि परदेशी झाडांचा असा तिरस्कार?’ परदेशी झाडांशी माझं काही भांडण नाही. माझ्या अंगणात मेथी आहे, कोथिंबीर आहे, तुळस आहे. ती पहिल्या कडाक्याच्या थंडीत मरते आणि मी पुढच्या वर्षी पुन्हा लावते. इथलं सफरचंद परदेशी, गहू परदेशी. त्यांच्यामागे कुणी करवत घेऊन लागत नाही. मी बोलते आहे ती कुंपण ओलांडून दुसऱ्या कुणालाच जगू न देणाऱ्या मूठभर जातींबद्दल. उलट दिशेचं उदाहरण आपल्याला पाठ आहे. गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं आणि आज शेतकऱ्याच्या बांधावर ते काय करतंय हे विचारायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही. ते उपटणाऱ्या बाईला आपण परदेशद्वेष्टी म्हणत नाही. आणि माणसांची तुलना झाडांशी करणं मला मुळातच पटत नाही, मग ती कुणीही करो.

सिएटलकडे तुमचे नातेवाईक असतील तर त्यांनाही विचारा. तिथे इंग्लिश आयव्ही फरच्या झाडांवर चढून त्यांना लोळवते, आणि जी ‘हिमालयन’ ब्लॅकबेरी रानं अडवून बसली आहे ती हिमालयाची नाही, कॉकेशसच्या बाजूची आहे. ल्यूथर बरबँक नावाच्या फलोद्यानतज्ज्ञाने 1885 च्या सुमारास ती अमेरिकेत आणली आणि नाव तसंच पडलं. सिएटल शहराने वीस वर्षांत अडीच हजार एकर वनं पुन्हा उभी करायचं ठरवलं, ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर. तिथल्या कंपन्यांतली आपली मंडळी स्वयंसेवेच्या तासांमागे कंपनीकडून देणगी मिळवून देतात. इथेही कित्येकांना ती सोय असेल, चौकशी करा.

कूक काउंटीकडे जवळपास 70 हजार एकर राखीव जमीन आहे. त्यातली पहिली, पॅलटाइनची डिअर ग्रोव्ह, 1916 मध्ये घेतली गेली. 2014 च्या आराखड्यात पंचवीस वर्षांत 30 हजार एकर पूर्ववत करायचं ठरलं, आणि 2022 च्या नोव्हेंबरात मतदारांनी त्यासाठी आपल्याच मालमत्ता करात वाढ मंजूर केली. तुमच्यापैकी अनेकांनी ‘हो’ म्हटलं असणार, त्याबद्दल आभार. पण पैशाने करवत येते, हात येत नाहीत. प्रेअरी व्हाइट फ्रिंज्ड ऑर्किड नावाचं एक दुर्मीळ फूल आहे, त्याचं परागीकरण रात्री उडणारे मोठे पतंग करतात. ते पुरेसे उरले नाहीत म्हणून जुलैच्या उन्हात माणसं गुडघ्यांवर बसून टूथपिकने एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात नेऊन ठेवतात. हे ठेका देऊन करून घेता येत नाही.

तर मागणं एवढंच. ऑगस्टमध्ये फळं पिकण्याआधी आपल्या अंगणातलं बकथॉर्न काढा. जमत नसेल तर मला बोलवा, मी लॉपर घेऊन येते. बर्निंग बुश किंवा कॅलरी पेअर पुढच्या वादळात मोडला की त्या जागी सर्व्हिसबेरी, रेडबड, हेझलनट यांपैकी काही लावा, जागा असेल तर बर ओक लावा. एचओएच्या पुढच्या सभेत हा विषय काढा. आणि जानेवारी-फेब्रुवारीत एका सकाळी या, सर्टिफिकेट न मागता.

आपली,
कूक काउंटीच्या जंगलातली एक स्वयंसेविका

ता. क. : हातमोजे आणि हत्यारं आम्ही देतो. जुनी पँट घाला, बकथॉर्नचा काटा चांगली पँट फाडतो. ज्यांनी ईमेलचा मसुदा लिहिला त्यांची भाषा उत्तम आहे. आमच्या पाट्यांचा मराठी आणि हिंदी अनुवाद रखडला आहे, त्यांनी ते काम अंगावर घ्यावं.